सीमारेषेच्या अलीकडून : त्रिकालाचा कोस्तास आणि वरच्या मजल्यावरचा मुलगा

फराळाचा डबा जवळ घेऊन बसला असाल असं गृहीत धरते. या सदराच्या जुन्या वाचकांना माझं माहेर कोल्हापूरचं हे सांगायला नको. तरी नव्या मंडळींसाठी सांगते. आमच्याकडे रांगणाऱ्या पोराला पहिला चेंडू मिळतो तो पायाने मारायचा. पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळ समोरासमोर आले की शाहू स्टेडियमच्या आसपासच्या गल्ल्यांतून संध्याकाळी भाजी आणायला कुणी बाहेर पडत नाही. दमाममध्ये आल्यावर कितीतरी वर्षं माझा फुटबॉल टीव्हीपुरताच होता. जानेवारी २०१८ मध्ये इथल्या बायकांना स्टेडियम खुलं झालं आणि तेव्हापासून आमच्या ह्यांचा दर हिवाळ्यातला एक तरी शुक्रवार वाया जातो, असं ते म्हणतात. ते क्रिकेटवाले. त्यांना नव्वद मिनिटांत एकही गोल न होणारा सामना म्हणजे फसवणूक वाटते.

यंदाचा लेख एका घरगुती प्रश्नावरून सुचला. आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर एक मराठी कुटुंब राहतं. त्यांचा मोठा मुलगा दहावीत आहे. डावखुऱ्या पायाचा, बारीक चणीचा, पण चेंडू पायाला चिकटल्यासारखा पळतो. शाळेच्या संघात आहे आणि शुक्रवारी कॉर्निशजवळ मोठ्यांच्यात खेळतो. गणपतीच्या सुमारास त्याची आई खाली आली. हातात मोबाइल, चेहरा उतरलेला. "ताई, तुम्ही फुटबॉलवर लिहिता ना, मग हे जरा वाचून सांगा," म्हणाली.

मोबाइलवर एका 'अकादमी'च्या माणसाचा निरोप होता. मुलाचा व्हिडिओ पाहिला, मुलगा असामान्य आहे, युरोपातल्या एका क्लबात त्याची निवड होऊ शकते, त्यासाठी अमुक इतके रियाल आगाऊ भरा आणि दिवाळीपर्यंत कळवा. रक्कम अशी की ऐकून त्या मुलाच्या बाबांनी दोन दिवस नीट जेवण केलं नव्हतं. त्यांना नको म्हणायचं होतं, पण उद्या पोरगं म्हणालं की बाबा, तुमच्यामुळे राहिलं, तर काय उत्तर द्यायचं, ही भीती. आणि मुलाने तर शाळेच्या बॅगेवर त्या क्लबाचं नाव लिहूनही टाकलं होतं.

मी तिला म्हटलं, दोन दिवस दे. आणि त्या दोन दिवसांत मी वाचत बसले ते एका ग्रीक माणसाबद्दल. कारण तो आपल्यापासून अर्ध्या तासाच्या अंतरावर राहतो आणि त्याचं पोरवय या प्रश्नाशी नेमकं जुळतं.

आपल्यातले बरेच जण दमामहून कतीफकडे जाताना सैहातवरून जातात. त्या सैहातचा क्लब म्हणजे अल-खलीज. तसा हँडबॉलसाठी नावाजलेला. फुटबॉलमध्ये २०२२ साली वरच्या लीगमध्ये परत आला. मोठ्या क्लबांच्या मानाने गरीबच. २०२४ च्या उन्हाळ्यात या क्लबाने प्रशिक्षक म्हणून ग्रीसचे योर्गोस दोनिस यांना आणलं. हे तेच दोनिस, ज्यांनी पूर्वी अल-हिलालला किंग्ज कप जिंकून दिला होता. आणि त्यांच्यामागोमाग आला कोस्तास फोर्तुनिस, ऑलिंपियाकोस या ग्रीसच्या सर्वात मोठ्या क्लबाचा कर्णधार. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात अल-खलीजने दमाममध्ये अल-हिलालला ३-२ असं हरवलं. हिलाल लीगमध्ये दीड वर्षं हरला नव्हता. दुसऱ्या दिवशी आमच्या बकाल्यातला केरळी पोरगा हिलालवाला असल्याने सुट्टे पैसेसुद्धा बोलल्याशिवाय देत होता.

मी फोर्तुनिसला नंतर हिवाळ्यातल्या एका सामन्यात पाहिलं. तिशी ओलांडलेला, फार पळत नाही. पण चेंडू त्याच्याकडे आला की बाकीच्यांना कुठे पळायचं ते कळतं. माझ्या शेजारी बसलेली सौदी मुलगी आपल्या भावाला सांगत होती, हा बघ, याच्याकडे बघ. आता याची गोष्ट सांगते.

कोस्तासचा जन्म १६ ऑक्टोबर १९९२ चा. म्हणजे हा अंक तुमच्या हातात पडेपर्यंत त्याला तेहेतीस पूर्ण झाली असतील. गाव त्रिकाला. ग्रीस म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर निळा समुद्र आणि पांढरी घरं येतात. त्रिकालाला समुद्र नाही. थेसालीच्या सपाट शेतीच्या मुलखातलं ते गाव, मधून लिथेओस नदी वाहते. जवळच मेतेओरा, म्हणजे उंच सुळक्यांच्या माथ्यावर बांधलेले मठ. अथेन्सहून तीनशेहून जास्त किलोमीटर. अथेन्सच्या मुलांना मोठे क्लब घराशेजारी असतात. त्रिकालाच्या पोराला त्यासाठी घर सोडावं लागतं. आपल्याकडे चंदगड किंवा गडहिंग्लजच्या मुलाची जी गत, तीच.

तो अकरा वर्षांचा असताना एक चमत्कार झाला. ४ जुलै २००४ रोजी लिस्बनमध्ये ग्रीसने पोर्तुगालला १-० हरवून युरो चषक जिंकला. त्याआधी ग्रीसने कुठल्याच मोठ्या स्पर्धेत एकही सामना जिंकलेला नव्हता! प्रशिक्षक होते ओटो रेहागेल, जर्मन. आपल्याकडे १९८३ च्या विश्वचषकाने जी पिढी बिघडवली (आमच्या ह्यांचा शब्द), तशी ग्रीसमध्ये २००४ ने बिघडवली. कोस्तास त्याच पिढीतला.

घर सोडून तो गेला तो पेलोपोनीजमधल्या त्रिपोलीला. लिबियाची राजधानी नव्हे, डोंगरातलं एक लहान ग्रीक शहर. तिथला आस्तेरास त्रिपोलिस हा क्लब तेव्हा वरच्या लीगमध्ये नवा होता. नव्या, लहान क्लबाचा एक फायदा असतो. तिथे महागडे खेळाडू नसतात, त्यामुळे तरुण पोराला मैदानावर उतरवण्यावाचून गत्यंतर नसतं. २०१०-११ च्या हंगामात, अठरावं वर्ष लागता लागता, कोस्तास ग्रीसच्या पहिल्या दर्जाच्या लीगमध्ये नेमाने खेळू लागला. एखाद्या बड्या क्लबाच्या बाकावर बसण्यापेक्षा लहान क्लबात घाम गाळणं हे त्याच्या आयुष्यातलं पहिलं शहाणपणाचं पाऊल, असं मला वाटतं.

आता काळ लक्षात घ्या. २०१० मध्ये ग्रीसचं दिवाळं निघायची वेळ आली होती. युरोप आणि नाणेनिधीकडून कर्ज घ्यावं लागलं, पगार आणि पेन्शनी कापल्या गेल्या, शिकलेली पोरं बॅगा भरून बाहेर पडली. बरीचशी जर्मनीला गेली. त्यांच्या आजोबांच्या पिढीनेही तेच केलं होतं. १९६० साली जर्मनी आणि ग्रीस यांच्यात कामगार भरतीचा करार झाला आणि गावंच्या गावं जर्मन कारखान्यांत गेली. आपल्या रत्नागिरी-रायगडकडची माणसं सत्तरीनंतर तेलाच्या मागे इकडे आली, तसंच. २०११ च्या उन्हाळ्यात कोस्तासही जर्मनीला गेला. काम फुटबॉलचं, पण वाट तीच.

त्याला घेतलं कायझरस्लाउटर्नने. फ्रान्सच्या सीमेजवळचं लहान शहर, डोंगरावर स्टेडियम. १९५४ चा विश्वचषक जिंकणाऱ्या जर्मन संघाचा कर्णधार फ्रिट्झ वॉल्टर इथला. आणि गंमत बघा, १९९८ मध्ये याच क्लबाला खालच्या लीगमधून वर येताच जर्मनीचं विजेतेपद मिळवून देणारे प्रशिक्षक होते तेच ओटो रेहागेल. ग्रीक पोराला यापेक्षा शुभ शकुन कुठला? आदल्या वर्षी क्लब सातवा आला होता. सगळं जुळून आलं होतं.

आणि तिथेच सगळं बिनसलं. २०११-१२ च्या हंगामात संघ जिंकायचंच विसरला. मार्चमध्ये प्रशिक्षक बदलला, तरी उपयोग नाही. शेवटचा क्रमांक, आणि खालच्या लीगमध्ये रवानगी. एकोणीस वर्षांचं पोरगं, परका देश, परकी भाषा, थंडी आणि दर शनिवारी पराभव. आपल्यापैकी जे एकटे आधी आले आणि घरच्यांना नंतर आणलं, त्यांना ती पहिली वर्षं आठवतील. फोनवर 'सगळं छान आहे' म्हणायचं आणि मग खोलीत गप्प बसायचं. त्याच उन्हाळ्यात २०१२ च्या युरो चषकासाठी ग्रीसच्या संघात त्याची निवड झाली, म्हणजे गुण कुणाच्या नजरेतून सुटले नव्हते. पण क्लब खाली गेलेला. पुढच्या वर्षी परत वर यायची संधी आली ती होफेनहाइमविरुद्धच्या निर्णायक सामन्यांत हुकली. एकूण तीन वर्षं जर्मनीत, त्यातली दोन दुसऱ्या दर्जात.

इथे मी वाचता वाचता थांबले. समजा, २०१४ साली कुणी विचारलं असतं, त्या होतकरू फोर्तुनिसचं काय झालं हो? तर उत्तर असतं, काही नाही, जर्मनीत दुसऱ्या लीगमध्ये आहे. 'होतकरू' हा शब्द मोठा फसवा. तो एकदा चिकटला की लोक दोनच शेवट मानतात, एक तर झाला किंवा गेला. मधली पाच-सहा वर्षं कुणी मोजत नाही. आणि सगळं घडतं ते त्याच वर्षांत.

२०१४ मध्ये एकविसाव्या वर्षी तो मायदेशी परतला, ऑलिंपियाकोसमध्ये. परदेशातून परत आलेल्या मुलाकडे आपल्याकडे जसं बघतात, 'जमलं नाही वाटतं तिकडे', तसं तिथेही बघत असतील. पण सप्टेंबर २०१५ मध्ये ऑलिंपियाकोस लंडनला आर्सेनलविरुद्ध खेळायला गेला. इंग्लंडच्या भूमीवर हा क्लब तोवर एकही सामना जिंकला नव्हता. कोस्तासने कॉर्नर मारला, आर्सेनलच्या गोलकीपरने तो पकडला आणि पकडता पकडता चेंडूसकट गोलरेषेच्या आत गेला. नोंदीत तो स्वयंगोल आहे, कोस्तासच्या नावावर नाही. पण सामना ३-२ असा ग्रीकांनी जिंकला. त्या हंगामात त्याने ग्रीक लीगमध्ये १८ गोल केले आणि मधल्या फळीतला असून लीगमध्ये सर्वाधिक गोल त्याचे. पुढे कर्णधारपद आलं, गुडघ्याच्या दुखापतीने लांबलचक विश्रांतीही आली. मे २०२४ मध्ये ऑलिंपियाकोसने कॉन्फरन्स लीग जिंकली. युरोपीय चषक जिंकणारा तो पहिला ग्रीक क्लब. आणि त्यानंतर दोन महिन्यांत हा गडी सैहातला.

ही गोष्ट मी वरच्या मजल्यावर जाऊन सांगितली. चहा झाला, चकल्या झाल्या. मुलगा कोपऱ्यात बसून ऐकत होता, नजर मोबाइलमध्ये, कान इकडे. मग त्याचे बाबा म्हणाले, "वहिनी, पण तो ग्रीक. आपल्या पोरांचं काय?"

बरोबर होतं त्यांचं. म्हणून मी आमच्या कोल्हापूरच्या अनिकेत जाधवची गोष्ट सांगितली. रिक्षाचालकाचा मुलगा. लहान वयात पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला. ऑक्टोबर २०१७ मध्ये दिल्लीत सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताच्या संघात होता. फिफाच्या विश्वचषकात भारत त्याआधी कधीच खेळला नव्हता. अमेरिका, कोलंबिया, घाना, तिन्ही सामने आपण हरलो, पण कोलंबियाविरुद्ध जीक्सन सिंगने भारताचा विश्वचषकातला पहिला गोल केला. त्या रात्री माझ्या भावाने कोल्हापुरातून फोन केला आणि दोन मिनिटं नुसता ओरडत होता. पुढे अनिकेत जमशेदपूरकडून खेळला, इंग्लंडच्या ब्लॅकबर्न रोव्हर्सच्या अकादमीत काही महिने सराव करून आला (हा क्लब २०१० पासून आपल्या पुण्याच्या वेंकीजवाल्यांचा), आणि २०२२ मध्ये आयएसएल जिंकणाऱ्या हैदराबादच्या संघात होता. युरोपात स्थिरावला नाही, म्हणून काय तो फुकट गेला? रिक्षाच्या मागच्या सीटवर बसून सरावाला जाणाऱ्या पोरांना विचारा.

सौदी पोरांचंही काही निराळं नाही. इथे जगभरचे महागडे खेळाडू आले, आणि २०२४ मध्ये राष्ट्रीय संघाचे तेव्हाचे प्रशिक्षक मानचिनी उघड बोलले की माझी मुलं क्लबात बाकावर बसतात, खेळणार कधी? जेद्दाचा सौद अब्दुलहमीद त्याच वर्षी इटलीच्या रोमा क्लबात गेला. इटलीच्या पहिल्या दर्जाच्या लीगमध्ये खेळलेला तो पहिला सौदी. तो गेला तेव्हा पंचविशीचा होता. इत्तिहाद, मग हिलाल, मग रोमा. आधी घरच्या अंगणात शेकडो तास.

मग मी मुद्द्यावर आले. आपल्या मंडळातल्या इतर घरांतही असे निरोप आले असतील, म्हणून इथेही लिहिते. फिफाचा नियम सरळ आहे. अठरा वर्षांखालच्या खेळाडूची एका देशातून दुसऱ्या देशातल्या क्लबात नोंदणी होत नाही. अपवाद मोजके आहेत, जसे की आईवडील फुटबॉलखेरीज दुसऱ्या कारणाने त्या देशात राहायला गेले असतील तर. युरोपीय संघातल्या देशांना आपसात सोळाव्या वर्षी सवलत आहे, ती आपल्या पोरांना लागू नाही. कोस्तासही जर्मनीला गेला तो अठरा पूर्ण झाल्यावर. दुसरं, खेळाडूंच्या एजंटला फिफाचा परवाना लागतो आणि परवानाधारकांची नावं फिफाच्या यादीत कुणालाही पाहता येतात. अल्पवयीन मुलाशी बोलायचं तर पालकांची लेखी संमती आधी लागते. इथे निरोप थेट मुलाच्या इन्स्टाग्रामवर आला होता. नाव शोधलं, यादीत नव्हतं. कोणत्या क्लबात, कोणत्या वयोगटात, कोण प्रशिक्षक, असं तिघांनी मिळून लिहून विचारलं. उत्तर आलं ते एवढंच, की जागा भरत आल्या आहेत, पैसे लवकर पाठवा.

त्या रात्री मुलाने बॅगेवरचं नाव खोडलं. रडला. त्याची आई दारात उभी राहून माझ्याकडे बघत होती, आणि खरं सांगते, मला अपराधी वाटलं. खोटं स्वप्न मोडलं तरी स्वप्न मोडल्याचा आवाज तोच असतो.

पण गोष्ट तिथे संपली नाही. आठवड्याने तो स्वतः खाली आला. "काकू, तो त्रिपोलीचा क्लब लहान होता ना? म्हणून त्याला खेळायला मिळालं?" हो, म्हटलं. "मग मला लहान कुठे मिळेल?"

याचं उत्तर माझ्याकडे होतं. अकरावीसाठी आपली बहुतेक मुलं भारतात जातातच. कुणी पुण्याला, कुणी कोट्याला. याची आजी इचलकरंजीला असते. कोल्हापूर तिथून तासाभरावर. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या लीगमध्ये तालमींचे संघ खेळतात, मैदानात लाल माती उडते आणि चूक झाली की दहा हजार लोक एकदम नाव घेऊन सांगतात. माझ्या भावाशी बोलणं झालंय. तो म्हणाला, "पाठव की पोराला, बघूया कसं खेळतंय. पण सांग त्याला, पहिलं वर्षभर बाहेर बसायला लागंल, आणि बारावीला नापास झाला तर मीच तालमीतून घालवीन."

मार्चमध्ये बोर्डाची परीक्षा. त्यानंतर सोळा वर्षांचं ते पोरगं एकटं विमानात बसेल. आईला अजून हे पटलेलं नाही. रोज म्हणते, जर्मनीला गेला असता तरी मी रडलेच असते, इचलकरंजीला गेला तरी रडणारच. बाबांनी मात्र तीच रक्कम, जी त्या निरोपवाल्याला द्यायची होती, त्यातली थोडी काढून बूट घेतले आणि उरलेली मुलाच्या शिक्षणाच्या नावाने बँकेत टाकली. त्याचं काय होईल? खेळाडू होईल की इंजिनीअर, की दोन्ही नाही? ते आज कुणालाच ठाऊक नाही. त्रिकालाच्या घरातही २०१२ मध्ये ठाऊक नव्हतं.

दिवाळीनंतर हवा थंड झाली की अल-खलीजचा एखादा दमाममधला सामना गाठायचा बेत आहे. वरच्या मजल्यावरचे चौघे आणि आम्ही दोघे. ह्यांनी यायचं कबूल केलंय, एका अटीवर, की घरून चिवडा न्यायचा. गेटवर खाण्याचं आत नेऊ देत नाहीत हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

तेव्हा मंडळी, आपल्या घरातल्या होतकरूला या दिवाळीत एक करंजी जास्त द्या आणि 'पुढे काय' हा प्रश्न निदान भाऊबिजेपर्यंत विचारू नका. शुभ दीपावली!